कलाते-संजदची वस्ती

कलाते-संजद या गावात कोणी राहत नाही, असं मी लिहिलं. ते खोटं होतं. तिथे माणसं राहत होती, त्यांच्या चुली पेटत होत्या, आणि ज्या बाईच्या हातचा भात मी दोन हिवाळे खाल्ला तिचा पाठचा भाऊ तिथेच राहत होता. लिहिलं तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं, एवढं माझ्या बाजूने म्हणता येईल. पण ठाऊक झालं तेव्हा, भर दुपारी, माणसांनी भरलेल्या खोलीत, एका मुलीने मला सरळ प्रश्न विचारला आणि मी सरळ खोटं बोललो. हे मी गेल्या हिवाळ्यापर्यंत कोणाला सांगितलेलं नव्हतं. बायकोला तर अजूनही नाही. हे प्रकरण वाचल्यावर तिला कळेल, आणि ती विचारेल की इतकी वर्षं गप्प का राहिलास.

सांगलीहून मी ॲन आर्बरला शिकायला आलो तेव्हा वयाने वाढलेला आणि अकलेने कोवळा होतो. नागपूरचा प्रफुल्ल माझ्या थोडा आधी येऊन पोचला होता. इंडियन ग्रोसरीच्या फळ्यावर लावलेली एक चिठ्ठी बघून त्याने आमच्यासाठी खोली पक्की केली होती. बसच्या शेवटच्या थांब्याजवळ एक जुनं लाकडी घर, त्याचा उतरत्या छपराखालचा पोटमाळा, दोन खाटा आणि एक खिडकी. त्या खिडकीतून हिवाळाभर फक्त पांढरं दिसायचं. खाली घरमालकीण राहायची, फरीदे खानम. खानम म्हणजे आपल्याकडचं 'बाई'. नवरा वारलेला, मुलगी नेगार आमच्याच विद्यापीठात शिकणारी, इथेच वाढलेली. आईशी फारसीत भांडायची आणि आमच्याशी इंग्रजीत हसायची. खानम घरीच शिवणकाम करायच्या. लग्नाचे झगे आत घ्यायचे, कोटांच्या बाह्या आखूड करायच्या, असलं काम. सकाळी आम्हाला जाग यायची ती त्यांच्या मशीनच्या आवाजाने. ते मधेच थांबलं की चहाच्या सामोवारमधल्या पाण्याची शीळ ऐकू यायची, आणि मग भिंतीतले गरम पाण्याचे नळ ठकठक करायला लागायचे. प्रफुल्ल पांघरुणातून म्हणायचा, "उठ बे, ऑर्केस्ट्रा सुरू झाला."

आमचं जेवण वेगळं असेल असं ठरलं होतं, पण ते आठवडाभरसुद्धा टिकलं नाही. पहिल्याच रविवारी खानमनी आम्हाला खाली बोलावलं. टेबलावर वाटी ठेवायला जागा नव्हती. झिरेश्कची आंबट लाल बारीक फळं पेरलेला भात, त्याच्या तळाची सोनेरी खरवड वेगळ्या ताटात उलटी करून ठेवलेली, वांग्याचं काहीतरी, दही, ओला पाला, लोणची. आणि खानम हात चोळत उभ्या. "माफ करा, आज काहीच केलं नाही. नुसतं असंच आहे." मी 'पुरे' म्हटलं की त्या वाढायच्या, पुन्हा म्हटलं की पुन्हा वाढायच्या. त्यांना आमच्या नकाराचा अर्थ कळत होता आणि आम्हाला त्यांच्या आग्रहाचा. वर आल्यावर प्रफुल्ल ढेकर देऊन म्हणाला, "ही बाई म्हणजे आमच्या वर्ध्याच्या आत्याची जुळी बहीण आहे यार. ती पण पाच भाज्या करून म्हणते, काही नाही बाबा, पिठलंच टाकलं." आम्ही दोघं खूप हसलो होतो. त्या हसण्याची मला आता लाज वाटते, कारण सगळं इतकं स्वच्छ समजलेलं असतानाही मी पुढे जे केलं ते केलं.

खानमच्या बोलण्यात त्यांचं गाव सारखं यायचं. कलाते म्हणजे वाडी, आणि संजद हे एक झाड. त्याला खजुराएवढी, कोरडी, पिठूळ फळं लागतात. इराणच्या पूर्वेला, डोंगरांच्या एका घळीत, पाटाच्या कडेने संजदची रांग आणि तिच्या मागे घुमटाच्या छपरांची मातीची घरं. लाकूड मिळत नाही म्हणून तिकडे छपरंसुद्धा मातीची, असं त्या सांगायच्या, आणि हाताने हवेत घुमट काढून दाखवायच्या. दर शुक्रवारी सकाळी त्या भावाशी फोनवर बोलायच्या. भावाचं नाव करम. बोलायच्या कसल्या, ओरडायच्या. आम्हाला वर प्रत्येक शब्द ऐकू यायचा, कळायचा मात्र एखादाच. जमीन, दरवाजा, अनार, हवा. मोबाइल आहे म्हणजे भाऊ कुठल्या तरी शहरात असणार, असं मी धरून चाललो होतो. विचारलं नाही. जिना उतरून खालच्या बाईला एक प्रश्न विचारायला किती वेळ लागतो?

दुसऱ्या वर्षी मला विद्यापीठातल्या एका प्रकल्पात अर्धवेळ काम मिळालं. छोट्या गावांचा एक कोश तयार होत होता, कोणालाही इंटरनेटवर फुकट बघता येईल असा. माझ्या वाट्याला पूर्व इराण आला होता. प्रत्येक गावासाठी दोन वाक्यं लिहायची: ते कुठे आहे, आणि तिथे किती लोक राहतात. पहिल्यासाठी नकाशा होता, दुसऱ्यासाठी तिकडच्या खानेसुमारीचे आकडे. काम रटाळ होतं, पण मला आवडायचं. एखाद्या डोंगरातला एकुलता एक ठिपका, त्याचं नाव, पुढे तिथल्या माणसांचा आकडा, आणि मी वाक्य पुरं केलं की ते गाव जगात आहे असं सिद्ध व्हायचं. निदान मला तेव्हा तसं वाटायचं. अडचण एकच होती. ज्या वाडीत मोजकीच घरं असतील तिचा आकडा छापत नसत. तिथे जागा कोरी असायची. कधीकधी मोजणारे वरपर्यंत जातच नसत आणि वरची घरं खालच्या गावात धरून टाकत, तेव्हाही ती कोरीच राहायची. आमच्या प्रमुखांना कोरं काही चालत नव्हतं. वस्ती आहे की ओसाड, ते ठरवा आणि पुढे चला, असं त्यांचं म्हणणं.

असंच एका संध्याकाळी पडद्यावर कलाते-संजद आलं. मी खुर्चीतून उडालोच. ठिपका बरोबर होता, घळीच्या टोकाला, खालच्या मोठ्या गावापासून वर जाणाऱ्या कच्च्या रस्त्याच्या शेवटी. आकड्याची जागा कोरी. जगातल्या कुठल्याही संशोधकाला मिळणार नाही अशी सोय माझ्याकडे होती. मी जिना उतरून खाली गेलो. खानम एका झग्याला मणी लावत होत्या. मला बघताच सुई बाजूला ठेवून त्यांनी चहा ओतला, खडीसाखर पुढे केली, बदाम काढले, आणि म्हणाल्या की घरात आज काही नाही.

"खानम, तुमच्या गावात आता किती लोक असतील?"

"तिथे?" त्या हसल्या. "तिथे काय आहे, पेसरम! चार पडक्या भिंती, दोन म्हातारे आणि एक गाढव. कोणी नाही. नुसती धूळ. तू बदाम घे."

पेसरम म्हणजे माझ्या लेका. त्या लेकाने बदाम खाल्ले, चहा प्यायला, वर जाऊन लिहिलं: ओसाड.

मी सांगलीकडचा. माझे वडील मुंबईच्या पाहुण्यांना सांगायचे, "आमचं काय हो, चार उंबऱ्यांचं गाव." त्या चार उंबऱ्यांतून दोन शाळा भरत होत्या. आपलं गाव, आपलं घर, आपल्या लेकीचा स्वयंपाक, सगळं पाहुण्यापुढे कमी करून सांगायचं. पाहुण्याने ते खोडून काढायचं. तसं केलं नाही तर तो पाहुणा अडाणी. हा नियम मी आईच्या दुधाबरोबर शिकलो होतो. जेवणाच्या टेबलावर मला तो अचूक कळत होता. पण हातात कोश आला, पडद्यावर रकाना आला, आणि मी एका बाईचा विनय माहिती म्हणून उतरवून घेतला. मी म्हणायला हवं होतं, "असं कसं खानम, गाव म्हटल्यावर माणसं असणारच," म्हणजे त्यांनी पुढचं सांगितलं असतं. त्या त्याचीच वाट बघत असाव्यात. मी दार ओढून घेऊन निघून गेलो.

भूकंप झाला तो पुढच्या फेब्रुवारीत. सकाळी मशीनचा आवाज आला नाही म्हणून मला जाग आली. खाली उतरलो तर खानम स्वयंपाकघरात उभ्याच होत्या, कानाला फोन, दुसऱ्या हाताने ओट्याची कड धरलेली. नंबर लावायच्या, ऐकायच्या, ठेवायच्या, पुन्हा लावायच्या. सामोवार कोरडा पडून जळका वास येत होता आणि त्यांना तो जाणवत नव्हता. प्रफुल्लने पुढे होऊन बटण बंद केलं. नेगार रात्रीच्याच कपड्यांत लॅपटॉपवर होती. "एपिसेंटर तिकडेच आहे," एवढंच ती म्हणाली. बाहेर बर्फ पडत होता, तिकडेही पडत असल्याचं बातमीत होतं.

दुपारपर्यंत बैठकीची खोली भरली. नेगारचे मित्रमैत्रिणी, बहुतेक इराणी, दोन-तीन इतर. बूट दाराशी, बर्फाचं पाणी गालिच्यावर. तिकडच्या एका शहरातून काही स्वयंसेवक ट्रकमध्ये तंबू, शेगड्या, औषधं भरून निघणार होते, पण डोंगरातल्या वाड्या नेमक्या कुठे आहेत हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. नेगारच्या ओळखीचा एक मुलगा त्यांच्याशी फोनवर होता. तो म्हणाला, "दे नीड अ लिस्ट. गाव, ठिकाण, माणसं किती. आत्ता."

नेगारने माझ्याकडे बघितलं. "श्री! तुझा डेटा!"

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला आनंद झाला. इतकी माणसं माझ्याकडे वळून बघत होती. मी लॅपटॉप मांडीवर घेतला, भूकंपाच्या भोवतीचा तेवढा भाग वेगळा काढला. "खूप गावं आहेत," मी म्हणालो.

"मग फक्त वस्ती असलेली ठेव," तो फोनवरचा मुलगा म्हणाला. "रिकाम्या जागी गाड्या कशाला पाठवायच्या?"

मी ओसाड गावं गाळून टाकली. यादी आखूड झाली. ईमेलने पाठवून दिली. पलीकडून मिळाल्याचं कळलं, ते लगेच छापून ड्रायव्हरांना देतायत असंही कळलं, आणि खोलीत कोणीतरी हलकेच टाळ्या वाजवल्या.

नेगार आईचा हात धरून दारात उभी होती. तिने तिथूनच विचारलं, "मामाचं गाव आलंय ना त्यात? कलाते-संजद?"

मी लॅपटॉपवरून मान वर केली. "मामा... तिथे राहतो?"

"मग कुठे राहणार? छपरावर चढल्याशिवाय त्याला रेंजसुद्धा मिळत नाही." तिचा आवाज चढला. "श्री, आहे ना ते यादीत?"

खानम माझ्याकडे बघत होत्या. दिवसभरात पहिल्यांदा त्यांनी फोन खाली घेतला होता. दोन शब्द पुरेसे होते: नाही, चुकलं. तो मुलगा अजून फोनवर होता, त्याने तिथल्या तिथे गावाचं नाव वाचून दाखवलं असतं, पलीकडच्याने पेनने यादीत खाली लिहून घेतलं असतं. पण मग कोणीतरी विचारलं असतं की का नव्हतं, आणि मला त्या बाईकडे बघून सांगावं लागलं असतं की तुमचं गाव ओसाड आहे असं मी लिहिलं, तुमच्याच चहाच्या पेल्यावर, तुमच्याच शब्दांवरून. टाळ्या वाजवणाऱ्या माणसांसमोर. मी म्हणालो, "हो. आहे."

खानमनी डोळे मिटले आणि छातीवर हात ठेवला.

मग मी चार्जर आणायचं निमित्त करून वर पळालो. कलाते-संजदपुढचा 'ओसाड' हा शब्द पुसला, वस्ती आहे असं लिहिलं, यादी नव्याने काढली आणि त्याच नावाने पुन्हा पाठवली. सोबत एक ओळ: कृपया ही वापरा. काय बदललं, का बदललं, काहीही लिहिलं नाही. प्रफुल्ल दारात येऊन उभा राहिला होता.

"काय करून राहिला बे?"

"काही नाही. फॉरमॅटिंग."

"आत्ता?" तो म्हणाला. मी लॅपटॉप मिटला, आणि तो भला माणूस आणखी काही न विचारता खाली गेला.

मी स्वतःला समजावलं की झालं, निस्तरलं. आजवर जितक्या ऑफिसांत काम केलं तिथे मी लोकांना एकच गोष्ट कानीकपाळी ओरडून सांगत आलो आहे: दुरुस्ती पाठवलीत तर फोन करून सांगा, काय दुरुस्त केलंत ते पहिल्या ओळीत लिहा. न्यू जर्सीत, पार्सिपनीला असलेली माझी टीम यावरून माझी चेष्टा करते. त्यांना वाटतं मी शिस्तीचा माणूस आहे. एकाच नावाची दोन पत्रं आली तर घाईतला माणूस दुसरं उघडत नाही, पहिलं तर केव्हाच छापून झालेलं असतं. हे मी कुठल्या दिवशी शिकलो ते त्यांना कसं माहीत असणार.

फोन आला तो दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या वेळेला. करमचा मुलगा हमीद बोलत होता, खालच्या गावातून. खानमनी फोन स्पीकरवर टाकला होता, नेगार त्यांना चिकटून उभी. आम्ही दोघं टेबलाशी. मला शब्द कळत नव्हते, पण खानमचा चेहरा कळत होता. तो आधी आशेने उघडला, मग तसाच उघडा राहिला. बोलणं संपल्यावर नेगारने आम्हाला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. छप्पर करमच्या अंगावर आलं होतं. शेजाऱ्यांनी हातांनी माती उकरून त्याला जिवंत बाहेर काढला. पाय चेंगरलेले, पण बोलत होता, पाणी मागत होता. ट्रक खालच्या गावापर्यंत आल्याचं वरून दिसत होतं; त्यात डॉक्टर होता. सगळे म्हणाले, आता वर येतील. गाड्या वळून दुसऱ्या घळीत गेल्या. हमीद बर्फातून धावत खाली आला, मागे राहिलेल्या एका ड्रायव्हरला त्याने गाठलं. ड्रायव्हर म्हणाला, वर तर कोणी राहत नाही ना? त्याच्या हातातल्या कागदावर वरचं गावच नव्हतं. शेवटी लोकांनी करमला एका दारावर आडवा घालून खाली आणायला घेतलं. तो वाटेत गेला.

खानम रडल्या नाहीत. त्या उभ्या राहिल्या आणि इंग्रजीत, आम्हालाही कळावं म्हणूनच बहुधा, म्हणाल्या, "कोणी राहत नाही? कोण म्हणतं कोणी राहत नाही?" आणि बोटांवर मोजायला लागल्या. "करमचं घर. त्याच्या भिंतीला लागून सुतार गोलामचं घर. पाटाच्या वर त्या दोघी विधवा बहिणी, त्यांच्याकडे नातू. मशिदीमागे हाजी, त्याचे तीन लेक, तिघांच्या तीन चुली. मुलांना शिकवायला आलेली मास्तरीण, ती हाजीच्या माडीवर." प्रत्येक घरातली माणसं, म्हाताऱ्यांपासून पाळण्यातल्यांपर्यंत, नावानिशी. एका हाताची बोटं संपली की दुसऱ्या हाताची, ती संपली की पुन्हा पहिल्या. मी कोशात भरायला हवी होती ती लोकसंख्या मला त्या दुपारी मिळाली. त्या एकेक नाव घेत होत्या आणि मला वाटत होतं की आता या माझ्याकडे वळतील, आता म्हणतील, तुला मी त्या दिवशी काय सांगितलं होतं आणि तू कशाला विचारत होतास? पण तसं काही त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

नेगार धावत लॅपटॉपकडे गेली. "आपल्या यादीत होतं. श्रीने टाकलं होतं." तिने ईमेल उघडले; यादीच्या पत्रांची प्रत तिलाही जात होती. सगळ्यात वर, अर्थातच, माझं दुसरं पत्र होतं. तिने बोटाने ओळ शोधली. "हे बघ, आई. कलाते-संजद. वस्ती आहे. आपण पाठवलं होतं. त्यांच्याकडे दुसरीच कुठली तरी यादी असणार, तिकडच्या कचेरीतली." मग ती माझ्याकडे वळली, आणि रडत माझ्या गळ्यात पडली. "थँक यू, श्री. यू डिड युअर पार्ट."

मी तिला थोपटलं. हेही सांगितलंच पाहिजे. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणालो, "इट्स ओके." खानमनी माझं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळाचं चुंबन घेतलं. त्या संध्याकाळी त्यांनी भावाच्या नावाने हलवा केला, केशर आणि गुलाबपाण्याचा, आणि पहिली बशी माझ्या हातात दिली. प्रफुल्ल माझ्याकडे बघत होता आणि मी बशीकडे.

वसंत आला तसं मी ते घर सोडलं. लायब्ररी लांब पडते असं सांगितलं. खानमनी दोन-तीनदा नको म्हटलं, मग थांबल्या. जाताना माझ्या कोटाच्या फाटलेल्या खिशाला टाके घालून दिले. पुढे नोकरी, न्यू जर्सी, लग्न, मुलगी. त्यांचे फोन यायचे, मी ते हळूहळू घ्यायचे बंद केले. करम वाचला असता का? डॉक्टर वर पोचला असता तरी चेंगरलेल्या पायांचा माणूस त्या थंडीत तगला असता का? मी यावर डॉक्टर मित्रांना आडून आडून विचारलं आहे. कोणी म्हणतं शक्य होतं, कोणी मान हलवतं. निदान उबेला तंबू मिळाला असता, कोणी हात धरला असता. तो वाचला नसता असं समजा, असं मी स्वतःला सांगून बघितलं. त्याने झोप लागत नाही.

गेल्या हिवाळ्यात प्रफुल्लचा फोन आला. तो आता टेक्ससमध्ये, फ्रिस्कोला आहे. "ऐक, कोण भेटलं असेल सांग. फरीदे खानम! नेगार इथेच राहते, दोन गल्ल्या सोडून. ग्रोसरीत केशर उलटंपालटं करून बघत होती म्हातारी. मला ओळखलं ना यार तिने! तुझी चौकशी करत होती." मग तोच म्हणाला, वेगळ्या आवाजात, "श्री, त्या दिवशी फॉरमॅटिंग नव्हतं ना रे?"

"नाही."

"मला वाटलंच होतं. मग ये बे इकडे. ती काही थांबणार नाही आपल्यासाठी."

नेगारचं घर नवं, मोठं, दारात दोन गाड्या. खानमचे केस पार पांढरे झाले होते, पाठ वाकली होती. मला बघून त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला आणि ओढतच टेबलाकडे नेलं. मी बसलो नाही. म्हणालो, "खानम, आधी मला बोलू द्या. नेगार, तूही ऐक." आणि सगळं सांगितलं. चहा, बदाम, तो एक शब्द, गाळलेली यादी, तिचा प्रश्न, माझं 'हो', दुसरं पत्र. नेगार मधेच उठून खिडकीशी गेली आणि पाठमोरी उभी राहिली. तिच्या मुलाने वरून काहीतरी विचारलं, तिने "नॉट नाऊ" म्हटलं, तेही न वळता.

खानम म्हणाल्या, "मी तुला म्हटलं होतं, कोणी नाही."

"तुमची चूक नाही. तुम्ही पाहुण्याशी बोलत होतात. ते मला कळायला हवं होतं. आणि नंतर तर मला कळलंच होतं."

"नंतर," त्या म्हणाल्या. त्यांनी मान हलवली. "मला कशाला सांगतोस? मी काय त्या बर्फात होते?" त्यांनी फोन उचलला, चष्मा लावला, आणि एक नंबर दाबला. नेगार आईला म्हणाली, "मामान, नको," पण त्या थांबल्या नाहीत. पडद्यावर एक माणूस आला, दाढी पिकायला लागलेला, डोक्यावर लोकरीची टोपी, मागे लोखंडी खांब घातलेलं नवं घर. हमीद. खानम त्याच्याशी थोडं बोलल्या. त्यात माझं नाव आलं. मग त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "सांग. मी त्याला फारसीत सांगते."

मी म्हणालो, "वर कोणी राहत नाही असं मीच लिहिलं होतं. त्या दिवशी गाड्या निघायच्या आधी मला कळलं होतं की ते चूक आहे. तुझ्या आतेबहिणीने, नेगारने, मला विचारलं आणि मी खोटं बोललो, माझी अब्रू जाऊ नये म्हणून. तुझे वडील वाट बघत होते आणि मला ते थांबवता आलं असतं. नंतर सगळ्यांनी माझे आभार मानले, तेही मी घेतले. मी तुझी माफी मागतो. उशीर झाला आहे, हे मला माहीत आहे."

मी एकेक वाक्य बोलायचो, थांबायचो, आणि खानम ते हमीदला सांगायच्या. मला फारसी तेवढी कळत नाही. पण अब्रू, माफी, हे शब्द मराठीत सांगायला लागत नाहीत इतपत ओळखीचे होते, आणि त्या ते एकही न गाळता, मऊ न करता, स्पष्ट आवाजात सांगत होत्या. हमीद ऐकत होता. शेवटचं वाक्य झालं. मी फोन दोन्ही हातांनी धरला आणि जी तीन वाक्यं मी विमानात बसून खानमसाठी पाठ केली होती ती त्याच्याच भाषेत, त्याच्याकडे बघत म्हटली: मला ठाऊक होतं. मी बोललो नाही. मला क्षमा कर.